ताटात किती आणि किती लवकर: ॲनोरेक्सियाच्या उपचारामागचा इतिहास

वजन वाढण्याच्या धास्तीने माणूस खाणं टाळत खंगत जातो, त्या मानसिक आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये दिलं. शब्दाचा अर्थ भूक नसणं. पण या रुग्णांची भूक मेलेली नसते, त्यामुळे नावाने पुष्कळांची दिशाभूल केली. गल यांचे उपाय दोनच, ऊब आणि अन्न. गरम पाण्याने भरलेली रबरी नळी पाठीच्या कण्यालगत ठेवायची आणि ठरावीक वेळाने खाऊ घालायचं. अंग जितकं खंगलेलं, तितक्या कमी अंतराने. नातेवाईक हे मात्र शुश्रूषेला सगळ्यात वाईट, असंही त्यांनी लिहून ठेवलं. हा शेरा कितीतरी आईवडिलांना भोवला. पुढे अनेक वर्षं मुलींना घरच्यांपासून तोडूनच उपचार होत राहिले. वजन वाढलं तर भेट, फोन, खोलीबाहेर पाऊल, अशी अट १९७० च्या दशकातल्या कित्येक वॉर्डांत होती. मला ती शिक्षाच वाटते. आईवडिलांच्याच हाती जेवणाची सूत्रं देणारी पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात रुजली.

दरम्यान उपासमारीबद्दलची समज अमेरिकेतल्या मिनेसोटात बदलली होती. १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे रुग्णाचा ‘हट्टी स्वभाव’ म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं उपासमारच घडवते. आधी पोट, मग मनाशी बोलणं, हा क्रम त्यातूनच पटतो.

पण पोट भरायचं किती वेगाने? लांबलेला उपास सोडताना आपल्याकडे आधी पेज किंवा मुगाचं पाणी देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले. उपाशी शरीरात एकदम अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) पेशींत ओढलं जातं आणि हृदय, श्वास दोन्ही धोक्यात येतात. या भीतीने रुग्णालयांत अन्न इतकं जपून वाढू लागले, की दाखल झाल्यावरही काही मुलींचं वजन आधी घटायचंच.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्णालयांतल्या चाचणीचे निकाल आले. रोज १४०० ऐवजी २००० कॅलरींपासून सुरुवात केलेल्यांची प्रकृती सुमारे तीन दिवस लवकर स्थिरावली आणि रक्तातल्या क्षारांची गडबड वाढली नाही. अतिशय खालावलेले रुग्ण मात्र त्या चाचणीत घेतलेले नव्हते. त्यांच्यासाठी रोज रक्त तपासत, बेताबेतानेच अन्न वाढावं लागतं.