नमुन्यांचा साठा की प्रश्नमालिका?

सातारा-सांगलीकडे लोकांसाठी कायदेविषयक पोर्टल काढू पाहणाऱ्यांच्या बैठकीला बसले की एक घोळ हमखास ऐकू येतो: अर्जाच्या नमुन्यांचा साठा आणि मार्गदर्शक प्रश्नमालिका (एकेक प्रश्न विचारून उत्तरांवरून अर्ज तयार करणारी) या दोन्हींना सरसकट ‘ऑनलाइन अर्ज’ म्हटले जाते. साठा सर्वांच्या परिचयाचा आहे. न्यायालयाबाहेरच्या टायपिस्टच्या फायलीत असतो तोच ऐवज. वाकड्या स्कॅनची पीडीएफ चढवणाऱ्यांनी निदान मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा, याहून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरी गफलत पुढची आहे. नमुन्यातल्या रिकाम्या जागी पडद्यावर चौकटी आखल्या आणि शेवटी ‘सबमिट’चे बटण दिले की प्रश्नमालिका झाली, असे अनेक जण मानतात. तसे होत नाही, कारण नमुना कागदावर असो वा पडद्यावर, कोणता अर्ज हवा हे भरणाऱ्याला आधीच कळलेले आहे असे तो धरून चालतो. वडील वारले आणि मागे शेती असेल, तर तलाठ्याकडे वारस नोंद करून फेरफार करावा लागतो. बँकेतली ठेव किंवा शेअर अडकले तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला त्याहून निराळा. कराडच्या शेतकऱ्याच्या लेखी हे सारे ‘वारसाचे काम’ असते आणि साठ्यातला पहिला दिसेल तो नमुना तो उचलतो. प्रश्नमालिका त्याला आधी विचारते, ‘मागे काय आहे: जमीन, बँकेतला पैसा, की दोन्ही?’ आणि उत्तरावरून अर्ज ठरवते.

‘वारसांची नावे’ या चौकटीत तर भाऊ-भाऊ आपली नावे लिहून मोकळे होतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलांबरोबर त्याची विधवा, मुली आणि आईही येतात, हे चौकट सांगत नाही. प्रश्नमालिकेत ‘मयताची आई हयात आहे का?’ आणि ‘लग्न झालेल्या मुली किती?’ हे प्रश्न एकेकटे समोर येतात आणि उत्तर दिल्यावाचून पुढचे पान उघडत नाही.

प्रश्नमालिका बनवण्याच्या साधनांत माझी पसंती डॉकअसेम्बल या मुक्त प्रणालीला आहे, कारण मसुदा वर्डच्या साच्यातून निघतो आणि वकिलांना तो नेहमीच्या पद्धतीने दुरुस्त करता येतो. सर्व्हर कोणता घ्यावा, यावर बैठका घालवू नयेत.

त्यापेक्षा ‘वारसांत वाद आहे का?’ या प्रश्नावर वेळ द्यावा. उत्तर ‘हो’ आले की प्रश्नमालिकेने अर्ज न बनवता थांबावे, आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा क्रमांक व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दाखवावा. विचारणारी बहीण असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता तिला मोफत वकील मिळू शकतो, हेही त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहावे.