‘हो, बरोबर आहे’ म्हणून गप्प होणारी माणसं

समजा, एक बाई थेरपिस्टला सांगतेय, ‘वरिष्ठ सगळ्यांदेखत टोमणे मारतात, फक्त मलाच. रात्रभर झोप लागत नाही.’ थेरपिस्ट विचारतो, ‘ते मुद्दाम करत नसतील, असं होऊ शकतं का?’ प्रश्न शिकवल्याबरहुकूम चोख. बाई क्षणभर थांबते, ‘हो, बरोबर आहे’ म्हणते आणि दुसऱ्याच विषयावर जाते. सेशन सुरळीत संपतं. पण मध्ये काहीतरी तुटलेलं असतं.

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरान या मानसशास्त्रज्ञांनी या तुटण्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांनी त्याचे दोन प्रकार पाडले : एक समोरासमोरच्या खटक्याचा, दुसरा मुकाट माघारीचा. दुसरा ओळखणं अवघड, कारण तो सौजन्याचा वेश घेऊन येतो. त्यात जिनं आयुष्यभर वरच्या माणसापुढे मान डोलावूनच निभावून नेलं, तिचा होकार तर फारच पटण्यासारखा असतो.

थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याला एवढं महत्त्व कशासाठी? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये त्याचे तीन धागे सांगितले : कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परांवरचा विश्वास. २०१८ मध्ये २९५ अभ्यास, म्हणजे ३०,०००हून अधिक रुग्ण, एकत्र तपासले गेले. नातं आणि गुण येणं यांतला सहसंबंध निघाला ०.२८च्या आसपास. हा आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि बरं वाटू लागलं म्हणून नातं घट्ट झालं, असंही काही अंशी असणारच. पण थेरपीची पद्धत बदलली तरी हा संबंध कायम दिसतो.

आता त्या बाईच्या थेरपिस्टला चूक उमगली, असं धरू. तो म्हणतो, ‘मघाशी मी तुमच्या वरिष्ठांचीच बाजू घेतली, नाही का?’ ती आधी ‘छे छे’ म्हणते. मग बऱ्याच वेळानं, ‘थोडं तसं वाटलं खरं.’ वरच्या खुर्चीतल्या माणसानं चूक कबूल केली, आपण खरं बोललो आणि तरी काही बिघडलं नाही, हा अनुभव अनेकांना पहिल्यांदाच येतो. माझ्या मते थेरपीतला मोलाचा भाग हाच.

सामाजिक न्यायाचा प्रश्नही इथेच उभा राहतो. टोमणे खरोखरच तिच्या रंगामुळे किंवा जन्मामुळे मारले जात असतील, तर तिचा विचार दुरुस्त करून काय साधणार? आजाराचं निदान नेहमीच निष्पक्ष असतं असंही नाही. अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्याला ‘ड्रॅपेटोमॅनिया’ नावाचा आजार ठरवलं होतं. उपायांत चाबूकही होता! समलैंगिकता अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या विकारांच्या यादीतून निघायला १९७३ साल उजाडलं.

भेदभाव सोसणाऱ्याच्या सततच्या सावधपणाची किंमत शरीर मोजतं. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. ताणाची संप्रेरकं आणि रक्तदाब संकटापुरते वाढणं उपयोगाचंच. पण संकट रोजचंच असेल तर तीच यंत्रणा शरीर पोखरते. इलान मायर यांनी २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींबाबत दाखवलं की भेदभावाची नुसती अपेक्षाही ताण ठरते. म्हणून जाणता थेरपिस्ट हा सावधपणा भ्रम म्हणून खोडत नाही. तो विचारतो, ‘यानं तुम्हाला कुठे वाचवलं? आणि आता कुठे नुसताच थकवतो?’

जोडप्यांच्या बाबतीत तर सत्तेकडे काणाडोळा करणं घातक ठरू शकतं. एकाला दुसऱ्याची भीती वाटत असताना ‘मोकळेपणानं बोला’ म्हटलं, तर त्या मोकळेपणाचा हिशेब घरी गेल्यावर होतो. म्हणून अनेक थेरपिस्ट सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटतात.

मात्र न्यायाच्या उत्साहात थेरपिस्ट बाईला म्हणाला, ‘तुम्ही तक्रार करायलाच हवी!’, तर ती पुन्हा क्षणभर थांबेल आणि म्हणेल, ‘हो, बरोबर आहे.’