घोडा पोसायला देणे

घोड्याची मालकी स्वतःकडे ठेवून त्याचा ताबा, निगा आणि वापर काही काळापुरता दुसऱ्याच्या हवाली करण्याचा व्यवहार. ब्रिटनमध्ये याला घोडा ‘लोनवर’ देणे म्हणतात, अमेरिकेत ‘लीजवर’ देणे. आपल्याकडे शेळी किंवा कालवड अर्धलीने पाळायला देतात, तिथे वाटा पिलांत असतो; घोड्याच्या व्यवहारात वाटा असतो तो मुख्यतः पाठीवर बसण्यात. शर्यतीच्या घोड्यांची लीज टर्फ क्लबाच्या दफ्तरी नोंदवावी लागते, त्यामुळे ती या नोंदीच्या बाहेरची. इथे विषय आहे तो तोंडी, ओळखीपाळखीतल्या देण्याघेण्याचा, आणि त्यातून उद्भवणाऱ्या तंट्यांचा.

व्यवहाराची सुरुवात बहुधा सद्भावनेने होते. मुलगी वाढते आणि दोन-तीन वर्षांत तिचा पोनी तिला लहान पडतो. विकायला जीव होत नाही, आणि रिकामा ठेवला तरी खायला लागतेच. ओळखीत कुणाची तरी लहान मुलगी घोडेस्वारी शिकत असते. ‘घेऊन जा, तुम्हीच सांभाळा,’ एवढ्या बोलीवर पोनी दाव्यासकट दुसऱ्या तबेल्यात जातो. पूर्ण लीजमध्ये चंदी-वैरण, नालबंद, डॉक्टर असा सगळा खर्च घेणारा करतो. अर्ध्या लीजमध्ये तो आठवड्यातले ठरावीक दिवस, समजा तीन, स्वारी करतो आणि खर्चाचा तेवढा भाग उचलतो. ‘फुकट’ लीज म्हणून जी ओळखली जाते तिच्यात फुकट असते ते फक्त भाडे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायचाच, आणि तो मालक कोण हे विचारून पैसे कमी करत नाही.

मराठी इतिहासात परक्याच्या घोड्यावर बसणाऱ्याला स्वतंत्र नाव होते: बारगीर. शिवकालीन घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी (पखालीने पाणी वाहणारा), अशी वाटणी ठरलेली असे. ऐपतदार शिलेदाराकडे घोडे जास्त असले की तो त्यांवर स्वतःचे बारगीर बसवी. ब्रिटिश हिंदुस्थानच्या ‘सिल्लेदार’ रिसाल्यांनी नाव आणि पद्धत दोन्ही उचलली, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती बंद झाली. बारगिराच्या घोड्याचे काय करायचे हे निदान फौजेच्या रिवाजात बसवलेले होते. आजच्या तोंडी लीजमध्ये नेमके तेवढेच नसते.

तंटा कुठे उगवतो

घोडं पेंड खातं ते मालकी आणि ताबा यांच्या मधल्या जागेत. घोडा रोज एकाला दिसतो आणि असतो दुसऱ्याचा. खरारा करणाऱ्याला त्याच्या अंगावरचा प्रत्येक वण पाठ होतो, मालकाच्या डोळ्यांपुढे मात्र घोडा दिला त्या दिवशीचाच राहतो. परतीच्या दिवशी दोघे एकाच जनावराकडे बघून दोन वेगळी जनावरे पाहतात.

सर्वांत नेहमीचे भांडण पायांचे. घोडा लंगडतो. घेणारा म्हणतो, दुखणे जुनेच होते, सांगितले नाही. मालक म्हणतो, डांबरी रस्त्यावर दामटलात. ब्रिटनसारख्या ओल्या, हिरव्या देशात आणखी एक रोग या व्यवहाराची जणू वाट बघत असतो. वसंतातल्या साखरभरल्या गवतावर मोकळा सोडलेला पोनी गुबगुबीत होतो, सगळे कौतुक करतात, आणि एका सकाळी तो पुढचे पाय पुढे टाकून, अंगाचा भार मागच्या पायांवर घेऊन खिळल्यासारखा उभा दिसतो. खुराच्या आतला थर सुजलेला असतो. या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात. एकदा झाला की पुन्हा होण्याचा धोका कायमचा. उपाशी ठेवल्याबद्दल भांडण होईल असे सगळ्यांना वाटते. पोनीच्या बाबतीत जास्त खाऊ घातल्याबद्दलही तितकेच होते.

दुसरे भांडण रात्रीचे. घोड्याला पोटशूळ उठतो, डॉक्टर शस्त्रक्रिया किंवा दयामरण असे दोनच पर्याय ठेवतो, आणि मालक फोन उचलत नाही. खर्च कोणाचा, आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ‘सगळा खर्च तुमचा’ ही बोली झाली तेव्हा दोघांच्या मनात दाणा आणि नाल होते, ऑपरेशन टेबल नव्हते.

तिसरे भांडण विक्रीचे, आणि ते सर्वांत कडवट. घेणारा घोडा परस्पर विकतो, किंवा तीन-चार वर्षांनी म्हणतो, ‘तुम्ही तो आम्हाला देऊनच टाकला होता.’ ब्रिटनमध्ये प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असावा लागतो आणि तो घोड्याबरोबर फिरतो, म्हणजे तो घेणाऱ्याच्या हातात असतो. भाबड्या गिऱ्हाइकाला तो मालकीचा कागद वाटतो, जरी कायद्याने तो मालकीचा पुरावा धरला जात नाही. भारतात 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 27 सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला सामान्यतः मिळत नाही. विकणाऱ्याला तसा अधिकार आहे असे मालकाच्याच वागण्यावरून वाटले असेल तर गोष्ट वेगळी. विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे, पण ठाण्यावर ‘ही दिवाणी बाब आहे’ हे वाक्य आधी ऐकायची तयारी ठेवावी.

तबेलावाला हा या भांडणातला तिसरा माणूस. घेणाऱ्याने घोडा पैसे देऊन त्याच्याकडे ठेवला आणि महिने थकवले, तर तो घोडा अडवू शकतो का? अमेरिकेतील अनेक राज्यांत कायद्यानेच त्याला तसा धारणाधिकार आहे. इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेला कायदा, उलट सांगतो: नुसते खाऊ घालून सांभाळणाऱ्याला हा अधिकार नाही, घोड्याला शिकवून त्याची किंमत वाढवणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र आहे.

कायद्यातले घोडे

हा तंटा फार जुना. बायबलच्या निर्गम पुस्तकात (22:14–15) मागून आणलेले जनावर मालक जवळ नसताना मेले किंवा जायबंदी झाले तर भरपाई सांगितली आहे. मालक जवळ असेल तर नाही, आणि जनावर भाड्याचे असेल तर भाड्यातच सगळे आले. रोमन लेखक वालेरियस मॅक्सिमस याने एका माणसाची गोष्ट नोंदवली आहे. त्याने आरिकियापर्यंत म्हणून घोडा मागून नेला आणि गावापलीकडच्या चढावरही दौडवला. तो चोर ठरला. विधिज्ञ गायस याने यात नंतर एक माणुसकीची पाचर मारली: मालकाची हरकत नसणार असे घेणाऱ्याला खरोखर वाटत असेल तर ती चोरी नव्हे. 1703 च्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या इंग्लिश खटल्यात न्यायमूर्ती होल्ट यांनी हाच घोडा पश्चिमेला जायला दिला आणि उत्तरेला नेला असे कल्पून जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

1872 च्या भारतीय करार कायद्याने तोच घोडा कलकत्त्यात आणला. वस्तू ठरावीक हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देण्याला कायद्यात निक्षेप किंवा बेलमेंट म्हणतात (कलम 148), आणि या प्रकरणातली उदाहरणे वाचताना मसुदाकार तबेल्यात बसून लिहीत होते की काय असे वाटते. कलम 154: कलकत्त्याहून बनारसला जायला घोडा भाड्याने घेतला आणि नेला कटकला, स्वारी सांभाळून केली, तरी घोडा पडून जखमी झाला तर भरपाई द्यावीच लागेल. त्याच कलमात, फक्त स्वतःच्या स्वारीसाठी मागून आणलेल्या घोड्यावर घरच्या माणसाला बसवले, त्याने काळजी घेतली तरी घोडा पडला, तर जबाबदारी आणणाऱ्याचीच. कलम 153: स्वारीसाठी घेतलेला घोडा गाडीला जुंपला तर मालक व्यवहार तिथेच संपवू शकतो. उलट बाजूही आहे. कलम 150 प्रमाणे खोडकर घोडा माहीत असून न सांगता दिला, आणि तो उधळून स्वार पडला, तर मालकाने भरून द्यायचे. आणि भाडे घेतले असेल तर दोष माहीत नव्हता हेही सांगून चालत नाही.

भांडण चिघळते ते मात्र कमी वाचल्या जाणाऱ्या कलमांवर. कलम 158 म्हणते की घेणारा मालकाच्या वतीने, मोबदल्याशिवाय वस्तू नुसती सांभाळत असेल तर आवश्यक खर्च मालकाने परत करायचा. म्हणजे प्रश्न असा: मी तुझा घोडा सांभाळत होतो, की तुझ्या घोड्यावर मजा करत होतो? तोंडी व्यवहारात हे दोन्ही खरे असते, आणि डॉक्टरचे बिल आले की दोघे आपापला अर्धा भाग धरून बसतात. कलम 159 प्रमाणे फुकट दिलेली वस्तू मुदत ठरलेली असली तरी मालक केव्हाही मागू शकतो. पण घेणाऱ्याने त्या भरवशावर काही केले असेल आणि मुदतीआधी परत देण्यात त्याला फायद्याहून तोटा जास्त होत असेल, तर तो जादा तोटा मालकाने सोसायचा. घोडी पोसायला दिली आणि तिकडे व्याली, तर? कलम 163 च्या उदाहरणात गाय आहे: वेगळे ठरले नसेल तर गायीबरोबर वासरूही परत. शिंगराला तोच न्याय. नराचा खर्च मी केला, हे घेणाऱ्याचे म्हणणे या कलमापुढे लंगडे पडते.

ब्रिटिश हॉर्स सोसायटीसारख्या संस्था लोन कराराचे नमुने देतात. त्यांत उपयोगी असतो तो बारीकसारीक भाग: खोगीर कोणाचे, दुसऱ्या कोणी बसायचे का, तबेला बदलायचा तर विचारायचे का, दयामरणाची परवानगी कोण देणार, परत देण्याआधी किती दिवस सांगायचे. दिल्या दिवशीचे चारी बाजूंचे फोटो आणि चालण्याचा व्हिडिओ हे वकिलापेक्षा स्वस्त पडतात. भांडण झाल्यावर लिहिलेला करार म्हणजे वरातीमागून घोडे.

राहिले मृत्यूचे. कलम 162 प्रमाणे फुकटचा निक्षेप दोघांपैकी कोणीही मेला की संपतो. मग मालकाची मुले तबेल्यात येतात. घोडा त्यांनी लहानपणी पाहिलेला, आणि समोर तांबडे दोन उभे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2020 पासून घोड्याच्या मानेत मायक्रोचिप सक्तीची आहे. यंत्र फिरवले की पंधरा आकडी क्रमांक उमटतो. चिप नसेल तिथे अजूनही जुन्या खुणा बघतात: कपाळावरचा भोवरा कुठे आहे, गळ्याखाली देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) आहे का, घोडा पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरे) होता की एक पाय काळा होता. त्या खुणा सांगू शकणारा तिथे बहुधा एकच असतो, ज्याच्याकडून घोडा परत घ्यायचा आहे तो.