लिमिटर प्लग-इनची निवड

लिमिटर म्हणजे ध्वनीची पातळी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारे साधन. मुळात हा कॉम्प्रेसरच (मोठा आवाज ठरावीक प्रमाणात दाबणारे साधन), पण त्याचे दाबण्याचे गुणोत्तर १०:१ किंवा त्याहून जास्त असते, म्हणजे मर्यादेपलीकडच्या दर १० डेसिबलमागे १ डेसिबलच बाहेर पडतो. मास्टरिंगच्या (तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्काराच्या) ‘ब्रिकवॉल’ लिमिटरमध्ये ते अनंत मानले जाते. रेडिओ प्रक्षेपकावर जादा भार येऊ नये म्हणून १९३० च्या दशकात ही यंत्रे वापरात आली. आज तेच काम संगणकावरचे प्लग-इन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) करते, मात्र बहुतेकांना त्याच्याकडून गाण्याचा आवाज मोठा करून हवा असतो. शिखरे (आवाजाचे क्षणिक उंच बिंदू) दाबली की वर जागा मोकळी होते आणि अख्खे गाणे तेवढे वर उचलता येते.

जुन्या यंत्राला पुढे काय येणार ते कळत नसे. १९६० च्या दशकातल्या ११७६ या लिमिटरचा अ‍ॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जाई, तरी शिखर येऊन ठेपल्यावरच ते हालचाल करी. प्लग-इन आवाज काही मिलिसेकंद रोखून धरते, पुढचे शिखर आधीच पाहते आणि ते पोहोचण्यापूर्वी पातळी उतरवून ठेवते. याला लुक-अहेड म्हणतात. वेव्हज कंपनीच्या एल१ मुळे १९९४ नंतर ही पद्धत स्टुडिओंमध्ये रुळली. शिखर अडवणे आता बहुतेक प्लग-इनना जमते. फरक दिसतो तो उतरवलेली पातळी परत कशी वर येते, म्हणजे रिलीज कसा आहे, त्यात.

५० हर्ट्झच्या बेसच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून बराच कमी ठेवला, तर प्रत्येक आवर्तनातच पातळी खाली-वर होते, तरंगाचा आकार बदलतो आणि बेस खरखरीत ऐकू येतो. रिलीज फार लांबवला, तर किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्यानंतर गायकाचा आवाजही दबतो आणि हळूहळू वर येतो, हे ‘पंपिंग’. दोन्ही टाळायला चांगली प्लग-इन रिलीज गाण्याप्रमाणे आपोआप बदलतात. फॅबफिल्टरच्या प्रो-एल २ मधल्या आठ शैली किंवा आयझोटोपच्या ओझोनमधले आयआरसी प्रकार म्हणजे मुख्यतः अशा वर्तनाचेच वेगवेगळे साचे आहेत. नावांवर जाऊ नये. ‘ट्रान्सपरंट’ लिहिलेला साचा ढोलकीची थाप बोथट करू शकतो आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ लिहिलेला एखाद्या शांत गाण्याला फिट बसू शकतो.

दुसरा मुद्दा ट्रू पीकचा, म्हणजे तरंगाच्या खऱ्या शिखराचा. डिजिटल मीटर फक्त नमुने (ठरावीक अंतराने घेतलेली तरंगाची मापे) मोजतो, खरा तरंग मात्र दोन नमुन्यांच्या मधेही वर जातो. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) ११,०२५ हर्ट्झचा स्वर घेतला आणि नमुने शिखराच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर पडले, तर मीटर खऱ्या शिखरापेक्षा ३ डेसिबल कमी दाखवतो. २००६ मध्ये आलेल्या आयटीयू-आर (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा रेडिओ विभाग) च्या बीएस.१७७० या शिफारशीत अशा शिखरांचे मापन ओव्हरसॅम्पलिंगने (नमुन्यांच्या मधले जादा नमुने हिशेबाने मिळवून) करण्याची पद्धत दिली आहे. एमपी३ सारख्या रूपांतरातही शिखरे वाढतात. म्हणून सीलिंग (लिमिटरची वरची मर्यादा) शून्यावर न ठेवता उणे १ डेसिबलवर ठेवण्याचा प्रघात आहे. प्लग-इनमध्ये ट्रू पीकची सोय आणि निदान चौपट ओव्हरसॅम्पलिंग असावे. संगणकावर ताण पडतो, पण तो मास्टरिंगच्या वेळी चालतो.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, गणित बदलते. तिथे लिमिटर एकेका ट्रॅकवर किंवा ड्रम बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या मार्गावर) बसतो, एकाच वेळी अनेक लागतात आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर लुक-अहेडचा विलंब गायकाच्या हेडफोनमध्ये जाणवतो. अशा ठिकाणी कमी विलंबाचे, हलके प्लग-इन बरे. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक मिळतात त्या शेवटच्या मार्गावर) लिमिटर लावून मिक्स करायला हरकत नाही, कारण शेवटी काय दबणार आहे ते आधीच कळते; फक्त मास्टरिंगला पाठवायच्या फाइलमधून तो काढावा. लिमिटरला ६-७ डेसिबल दाबावे लागत असतील तर दोष बहुधा मिक्समध्येच असतो, बहुतेक वेळा किक किंवा बेसमध्ये. तो तिथेच सुधारावा. एखादे टोकदार शिखर आधी क्लिपरने (शिखराचे टोक थेट कापणाऱ्या साधनाने) छाटले, तरी लिमिटरचे काम हलके होते.

तुलना करताना कानाची फसगत ठरलेली. मोठा आवाज जास्त चांगला वाटतो, त्यामुळे बायपास (प्लग-इन तात्पुरते बंद करायचे) बटण दाबून केलेली तुलना जवळजवळ नेहमीच प्लग-इनच्या बाजूने झुकते. वाढवलेली पातळी बाहेर पडताना तेवढीच उतरवायची सोय प्रो-एल २ सारख्यांत आहे. नसेल तर फेडर (पातळीची सरकपट्टी) खाली घ्यावा. मग गाण्याचा सर्वांत दाट भाग ऐकावा : थाप विरघळते का, ‘स’चे उच्चार आणि झांज टोचतात का, स्टिरिओचा पसारा आक्रसतो का. ‘डेल्टा’ बटण असेल तर काढून टाकलेला आवाज वेगळा ऐकता येतो. त्यात गाण्याचे शब्द ओळखू येऊ लागले तर जरा जास्तच दाबले आहे.

अतिरेकी मोठेपणाची पूर्वीची कारणेही आता लंगडी झाली आहेत. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) पातळीवर गाणी आणते, म्हणजे त्याहून मोठे गाणे आपोआप खाली खेचले जाते. दाबल्याने झालेले नुकसान मात्र तसेच राहते.

सुरुवात करणाऱ्याने विकत घेण्याची घाई करू नये. लॉजिक आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले अनुक्रमे अ‍ॅडाप्टिव्ह लिमिटर आणि रीयालिमिट या दोन्हींत ट्रू पीकची सोय आहे; लाउडमॅक्स फुकट मिळतो आणि त्यात फिरवायला बटणेच कमी आहेत.