अँटेना आणि रोटेटर: पावसाळ्याआधी घरी काय तपासावे, काय आमच्याकडे आणावे

आमच्याकडून डायपोलचा (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाचा) संच, यागी (एका दिशेला रोख असलेली अँटेना) किंवा रोटेटर (ती फिरवणारी मोटर) नेणाऱ्या आणि घरच्या घरी अँटेना बांधणाऱ्या सर्व हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मित्र-मैत्रिणींसाठी.

"सेट बिघडलाय, ऐकूच येत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा रेडिओ सेट बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो गच्चीवर: कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, गंजलेला नट, उन्हाने तडकलेली केबल. म्हणून आमचा पहिला आग्रह एकच. अँटेना चढवाल त्याच दिवशी आकडे कागदावर लिहून ठेवा. बँडच्या (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या) सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते त्याचे माप; जितके १ च्या जवळ तितके चांगले) किती, रोटेटरच्या तारांमध्ये किती ओहम, केबल कोणती आणि किती मीटर. तो कागद कंट्रोलरच्या (रोटेटर चालवणाऱ्या खोलीतल्या डब्याच्या) झाकणाला आतून चिकटवा. पुढे कधी शंका आली तर वर न चढता, खाली बसूनच निम्मे निदान होते.

डायपोल बांधताना

एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. १४.१५ साठी सुमारे १०.१ मीटर येते, ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर. प्लास्टिकचे आवरण असलेली तार थोडी आखूडच लागते, पण कापताना वीतभर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर पाहत दोन्ही बाजूंनी सारखी छाटत या. २० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झसाठी) १० मीटर उंची मिळाली तर फार उत्तम. तीन मजली इमारतीची गच्ची जवळपास तेवढीच असते. फीड पॉइंटपाशी (केबल अँटेनाला जुळते तिथे) कोॲक्सची, म्हणजे बाहेरून जाळी असलेल्या केबलची, गुंडाळी करून चोक (अडथळा) केला, तर त्या जाळीवरून आरएफ (रेडिओची शक्ती) खोलीत उतरत नाही आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीचे, स्पीकरचे तंटेही कमी होतात.

ताणायला पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त दोरी वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचे तंतू भुगा होऊन गळतात. काळी पॉलिएस्टर दोरी महाग पडते, पण टिकते. आणि विजेच्या तारांपासून अंतर ठेवताना नुसते आजचे अंतर पाहू नका. दोरी तुटली तर अँटेना कुठे पडेल, तिथपर्यंत पाहा.

कनेक्टर बंद करताना

पीएल-२५९, म्हणजे कोॲक्सच्या टोकाला लागणारा नेहमीचा कनेक्टर, मुळात पाणी अडवणारा नाही. त्याच्यावर नुसती काळी पीव्हीसी टेप गुंडाळली तर एका पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो. आम्ही असे करतो: कनेक्टर हाताने घट्ट करून कोरडा पुसायचा. मग स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप दुप्पट लांब होईपर्यंत ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल अशी गुंडाळायची. सुरुवात खालून, शेवट वर. कौले जशी एकावर एक बसतात तसे थर बसले की पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. त्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून पीव्हीसी टेप, तीही खालून वर. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमच्या नळीवर आवळू नका. ओलाव्यात त्या जोडाची पांढरी भुकटी होते. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला. अलिबाग-रत्नागिरीच्या पट्ट्यात खारा वारा असतो. तिथे नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचेच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले तिथे पाहता पाहता लाल होतात.

केबलचा एक फसवा प्रकार

ओली किंवा जुनी केबल एसडब्ल्यूआर चांगला दाखवते. परत येणारी शक्तीही केबलमध्येच विरते, म्हणून मीटर खूश असतो आणि समोरच्याला मात्र तुम्ही ऐकू येत नाही. दरवर्षी आकडा आपोआप सुधारत असेल तर आनंद मानू नका.

खरी परीक्षा अशी: केबलचे अँटेनाकडचे टोक मोकळे सोडून खालून नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल तपासणाऱ्या छोट्या यंत्राने) एसडब्ल्यूआर मोजा. ट्रान्समीटर जोडून हे करू नका. आकडा ३ आला तर एकदा वर जातानाच निम्मी शक्ती केबल खाते आहे. हा आकडा केबलच्या जातीवर, लांबीवर आणि फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो, म्हणून नवी असतानाचा आकडा जवळ हवाच. अंदाजासाठी, १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स) मधून जेमतेम पाव शक्ती वर पोचते. आरजी-२१३ (जाड कोॲक्स) मधून निम्म्याहून थोडी जास्त. ७ मेगाहर्ट्झवर मात्र आरजी-५८ सुद्धा चालून जाते. पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा.

रोटेटर

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हासारखा इशारा असेल तर यागी खाली उतरवून आडवी बांधणे हाच शहाणपणा. एरवीही बूम (यागीचा मधला आडवा दांडा) मास्टला (उभ्या खांबाला) तोलाच्या जागी पकडा आणि वर थ्रस्ट बेअरिंग (वजन पेलणारे बेअरिंग) लावा, म्हणजे सगळा भार रोटेटरच्या गिअरवर येत नाही. ४५० अंश फिरणाऱ्या रोटेटरला केबलचा झोळही तेवढाच सैल हवा. संक्रांतीनंतर एकदा वर नजर टाका: नायलॉन मांजा मास्टभोवती गुंडाळला जातो आणि पुढच्या फेरीत तो झोळ ओढून केबल उपटतो. कावळ्याचे घरटे दिसले तर पिल्ले उडेपर्यंत थांबा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, किंवा एकाच दिशेने फिरते? एसी मोटर असेल तर आधी कपॅसिटर पाहा. तो कंट्रोलरमध्ये असतो, काही मॉडेलांत रोटेटरच्या पोटात. तो बिनध्रुवीच असला पाहिजे. बाजारातला साधा प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक लावलात तर तो फुटेल. कंट्रोलरवरची दिशेची सुई मध्येच उडी मारत असेल तर पोटेन्शिओमीटर (रोटेटरची दिशा कळवणारा बदलता रोध) झिजला आहे किंवा मळला आहे. तारांचे कनेक्शन कंट्रोलरपासून सोडवून मल्टीमीटर लावा: पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांमधला रोध कायम असतो, मधल्या तारेचा फिरवताना सावकाश बदलतो. मोटरच्या दोन्ही वाइंडिंगचा रोध जवळपास सारखा यावा. एक बराच जास्त आला तर वरच्या जोडात गंज आहे. केबल लांब असेल तर मोटर आणि ब्रेकच्या तारा जाड घ्या, नाहीतर व्होल्टेज वाटेतच संपते.

दिशा लावताना होकायंत्र मास्टच्या लोखंडाजवळ धरू नका. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक नगण्य आहे, पण लोखंड सुई सहज वळवते. शक्यतो रात्री ध्रुवताऱ्यावरून दिशा घ्या. मध्यान्हीच्या सावलीवरूनही येते, फक्त हिवाळ्यात. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्याने सावलीच उरत नाही.

वीज

वळवाच्या पावसाआधी आणि परतीच्या पावसात कोॲक्स सेटपासून सोडवून ठेवणारे पुष्कळ आहेत. रोटेटरची केबल मात्र तशीच राहते, आणि तीही त्याच मास्टवरून घरात आलेली असते. दोन्ही सोडवा. ढग गडगडू लागल्यावर मात्र केबलला हात लावू नका. मास्टला स्वतंत्र अर्थिंग द्या. वर एकट्याने चढू नका, कमरेला पट्टा बांधा.

आमच्याकडे पाठवताना

रोटेटर एकटा पाठवू नका, कंट्रोलरही सोबत द्या. दोन्ही मिळून एक यंत्र आहे. कोणत्या टर्मिनलला कोणत्या रंगाची तार होती त्याचा फोटो काढा. शक्य असेल तर सुई मधोमध आणून मगच उतरवा. घरी उघडणार असाल तर दोन्ही अर्ध्यांवर आधी खूण ओरखडा आणि खाली पसरट परात ठेवा, कारण झाकण सुटताच बेअरिंगचे छर्रे चहूकडे पळतात. एखादा हरवला तर रोटेटर तसाच बंद करू नका, आम्हाला मोजून घेऊ द्या.