चालू प्रोग्रॅममध्ये तयार झालेली विंडो नावाने शोधताना

डेस्कटॉपवरील प्रोग्रॅमची बहुतेक बटणे आधीच ठरलेली असतात आणि प्रत्येकाचा मेमरीतील पत्ता एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. मात्र हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये वापरणाऱ्याने ‘आणखी एक ओळ’ मागितली की नव्या विंडो, म्हणजे पेट्या आणि बटणे, त्याच क्षणी तयार होतात, आणि त्या किती होतील हे आधी ठाऊक नसल्याने तिसऱ्या ओळीतील रकमेची पेटी नंतर शोधायची कशी, हा प्रश्न उभा राहतो.

ज्युलियन स्मार्ट यांनी 1992 मध्ये एडिनबर्ग विद्यापीठात सुरू केलेल्या डब्ल्यूएक्सविजेट्स या लायब्ररीत (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संग्रहात) बटण, मजकुराची पेटी, पॅनेल ही सारी विंडोच मानली जातात. प्रत्येक विंडो तयार करताना तिला ‘रक्कम3’ असे नाव देता येते. हे नाव पडद्यावर दिसत नाही. दिसते ते लेबल. ‘फाइंडविंडोबायनेम’ हे फंक्शन दिलेल्या पालक विंडोपासून, म्हणजे जिच्या आत इतर विंडो असतात तिच्यापासून, तिच्या मुलांमध्ये, मग त्यांच्या मुलांमध्ये उतरत जाऊन ते नाव शोधते. पालक सांगितला नाही, तर प्रोग्रॅमच्या सगळ्या मुख्य विंडो धुंडाळल्या जातात. म्हणून पालक सांगणेच इष्ट.

खरी मेख पुढे आहे. नाव दिलेच नाही, तर लायब्ररी प्रत्येक बटणाला एकच सर्वसाधारण नाव देते आणि शोधात त्यांपैकी केवळ एक हाती लागते. शिवाय नाव सापडले नाही, तर हेच फंक्शन लेबलांमध्ये शोधू लागते. ही सोय मला धोक्याची वाटते, कारण नावाऐवजी चुकून लेबल लिहिलेला प्रोग्रॅम इंग्रजीत बिनबोभाट चालतो आणि मराठी भाषांतरात ‘सेव्ह’चे ‘जतन करा’ झाले की बंद पडतो. विंडोजमधील ‘फाइंडविंडो’ तर मुळातच शीर्षक आणि विंडोचा वर्ग यांवरून शोधते, त्यामुळे शीर्षक बदलताच तिथेही तोच घोटाळा होतो. क्यूटी या लायब्ररीत ‘फाइंडचाइल्ड’ला नावासोबत प्रकारही सांगावा लागतो, त्यामुळे पेटीच्या जागी त्याच नावाचे बटण हाती येत नाही.

काहीच न सापडल्यास डब्ल्यूएक्सविजेट्स आणि क्यूटी यांच्या फंक्शनांकडून रिकामा पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, मिळतो आणि तो न तपासता वापरला तर प्रोग्रॅम कोसळतो. सापडलेला पत्ताही जपून ठेवण्याजोगा नसतो, कारण वापरणाऱ्याने ती ओळ काढून टाकल्यावर त्या पत्त्यावर विंडो उरलेली नसते.