प्रौढशिक्षणातील ग्रंथचर्चेचे संचालन

प्रौढ शिकणाऱ्यांच्या गटाने एक पुस्तक वाचावे, ठरल्या वेळी एकत्र बसून त्यावर बोलावे, आणि हे बोलणे भरकटू नये किंवा दोघातिघांपुरते उरू नये म्हणून एकाने ते सांभाळावे, या उपक्रमाला ग्रंथचर्चा म्हणतात. ती सांभाळणारा तो चर्चासंचालक. सार्वजनिक ग्रंथालये, रात्रवर्ग, कामगार संघटना, निरंतर शिक्षण केंद्रे, ज्येष्ठांची मंडळे, तुरुंग अशा नाना ठिकाणी ग्रंथचर्चा चालते. तिच्या जोडीने चित्रपट, नाट्यवाचन, संगीत, संग्रहालयाची भेट असे सांस्कृतिक कार्यक्रम आखले जातात. व्याख्यानात जाणकार सांगतो आणि बाकीचे ऐकतात. ग्रंथचर्चेत अर्थ लावण्याचे काम गटाचे असते. ते गटाच्या हातून काढून न घेणे, यातच संचालकाचे खरे कौशल्य आहे.

या प्रथेचा उगम विद्यापीठांत झाला नाही. डेन्मार्कमध्ये एन. एफ. एस. ग्रुंटव्हिग (१७८३–१८७२) यांच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. शेतकरी कुटुंबांतील तरुणांना तिथे परीक्षेविना इतिहास आणि साहित्य शिकता येई. छापील अक्षरापेक्षा तोंडी, जिवंत बोलण्यावर ग्रुंटव्हिग यांचा भर होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे १८७४ मध्ये उन्हाळी शिबिरे सुरू झाली. जॉन हेल व्हिन्सेंट यांनी १८७८ मध्ये त्यांना चार वर्षांच्या घरगुती वाचनक्रमाची जोड दिली आणि गावोगावी वाचकांची मंडळे उभी राहिली. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन यांनी लुंड येथे दारूबंदी चळवळीतील कार्यकर्त्यांचे अभ्यासमंडळ सुरू केले. अशा मंडळांत पगारी शिक्षक नसे. सभासद पुस्तके आणून वाटून वाचत आणि नंतर ती मंडळाच्या ग्रंथालयात जमा होत. शिक्षक परवडत नाही ही अडचण होती, पण त्यातूनच समान पातळीवर बसून बोलण्याची रीत घडली.

इंग्लंडमध्ये ॲल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या कामगार शिक्षण संघटनेने वेगळी वाट धरली. आर. एच. टॉनी यांनी १९०८ पासून रॉचडेल व लाँगटन येथे कामगारांसाठी वर्ग घेतले. दोन तासांच्या बैठकीतला पहिला तास व्याख्यानाचा आणि दुसरा पूर्ण चर्चेचा, ही त्यांची विभागणी पुढे रूढ झाली. रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर ॲडलर यांच्या पुढाकाराने शिकागोत १९४७ मध्ये अभिजात ग्रंथांच्या सामूहिक वाचनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याची शिस्त कडक होती : ज्याने पुस्तक वाचले त्यानेच बोलायचे, बोलणे पुस्तकावरच ठेवायचे, समीक्षकांची मते आणायची नाहीत आणि संचालकाने फक्त प्रश्न विचारायचे. शेवटचा नियम पहिल्या वाचनात अतिरेकी वाटतो. पण संचालकाने एकदा स्वतःचे मत मांडले की पुढची सारी उत्तरे त्या मताकडे वळू लागतात, हे ज्याने चर्चा घेतली आहे त्याला पटते.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांची संस्कृतिमंडळे या इतिहासात वेगळी उठून दिसतात. ईशान्येकडील आंजिकोस येथे १९६३ मध्ये सुमारे ३०० निरक्षर कष्टकऱ्यांबरोबर त्यांच्या गटाने काम केले. अक्षरओळखीच्या आधी चित्रे दाखवली जात : विहीर खणणारा माणूस, मातीची भांडी घडवणारा कारागीर. माणसाच्या हातून घडते ती संस्कृती, म्हणजे आपणही ती घडवतो, हे सहभागी बोलता बोलता स्वतःच मांडत. १९६४ च्या लष्करी उठावानंतर हे काम थांबवण्यात आले आणि फ्रेरी यांना देश सोडावा लागला. निव्वळ चर्चेला राज्यकर्ते इतके घाबरतात, यावरून तिच्या ताकदीची कल्पना यावी.

प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. नोकरी, संसार, स्थलांतर, आजारपण, मृत्यू यांचा त्याला अनुभव असतो. एखाद्या कथेतील बापलेकांच्या भांडणाबद्दल तरुण प्राध्यापकापेक्षा साठीच्या कामगाराला जास्त कळू शकते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडुअर्ड लिंडमन यांनी १९२६ मध्येच प्रौढशिक्षणाची सुरुवात विषयांपासून नव्हे, तर शिकणाऱ्याच्या जीवनातील प्रसंगांपासून व्हावी असे मांडले होते. याची दुसरी बाजूही आहे. अनेकांच्या मनात शाळेतल्या अपमानाची आठवण ताजी असते. ‘तुम्ही सांगा बरं’ असे अचानक बोट रोखले, की असा माणूस पुढच्या बैठकीला येत नाही.

पुस्तक निवडताना त्यात मतभेदाला जागा आहे का, हे आधी पाहावे. सर्वांना सारखेच आवडणाऱ्या आणि एकच अर्थ निघणाऱ्या पुस्तकावर वीस मिनिटांत बोलणे संपते. ज्या पात्राचे वागणे चूक की बरोबर हे ठरवता येत नाही, असे पात्र दोन तास पुरते. लांबी महत्त्वाची आहे. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी लघुकथा, दीर्घकथा किंवा छोटी कादंबरी सोयीची. प्रती तीन-चार आठवडे आधी हातात पडाव्यात. मोठ्या टंकातील आणि श्राव्य आवृत्त्यांचीही सोय असावी. संचालकाने पुस्तक किमान दोनदा वाचावे : एकदा वाचक म्हणून आणि एकदा प्रश्न शोधत, पानांवर खुणा करत.

प्रश्नांचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. काय घडले, हे विचारणारा वस्तुनिष्ठ प्रश्न. पुस्तकातच आधार असूनही ज्याची एकाहून अधिक उत्तरे संभवतात तो अर्थशोधक प्रश्न. आणि हे आपल्याला पटते का, असा मूल्यात्मक प्रश्न. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न हाच चर्चेचा कणा असतो. ‘नायिका घर का सोडते?’ यापेक्षा ‘नायिका त्याच रात्री घर का सोडते, आदल्या आठवड्यात का नाही?’ हा प्रश्न चांगला, कारण त्यासाठी पुस्तक उघडून पाने चाळावीच लागतात. संचालकाला ज्याचे उत्तर पक्के ठाऊक आहे तो प्रश्न विचारू नये. प्रौढांना परीक्षेचा वास लगेच येतो. प्रश्न विचारल्यावर थांबणे हे त्याहून अवघड. मेरी बड रो यांनी शाळेच्या वर्गांत केलेल्या निरीक्षणांत शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे आढळले. हा अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरे लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. प्रौढांच्या गटात त्याहूनही जास्त थांबायला हरकत नाही.

आठ ते पंधरा जणांचा गट, गोलाकार बैठक आणि दीड-दोन तास ही सर्वसाधारण चौकट. सुरुवातीला प्रत्येकाने एक वाक्य बोलावे असा सोपा फेरा घेतला, की पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक आवाज खोलीत ऐकू आलेला असतो. जो त्या वेळी बोलला तो पुढेही बोलण्याची शक्यता वाढते. फार बोलणाऱ्याला तोडण्याऐवजी ‘हा मुद्दा धरून इतरांना काय वाटते?’ असे विचारून बोलणे पुढे न्यावे. विषय सुटला, तर ‘हे पुस्तकात कुठे दिसले?’ एवढे पुरते. कुणी स्वतःचे दुःख सांगू लागले, तर ते ऐकून घ्यावे, सल्ला देऊ नये आणि हळूहळू पुन्हा कथेकडे यावे. कथेतल्या पात्राच्या आडून माणूस स्वतःबद्दल बोलू शकतो. हा आडोसा काढून घेऊ नये.

वाचनाची सवय नसलेल्यांसाठी लिव्हरपूल परिसरात जेन डेव्हिस यांनी रुजवलेली पद्धत उपयोगी ठरली आहे. तिथे कुणी घरून वाचून येत नाही. मजकूर बैठकीतच मोठ्याने वाचतात, मधे थांबतात, बोलतात, पुन्हा वाचतात. ज्याला वाचता येत नाही तोही बरोबरीने सहभागी होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९१ पासून चाललेल्या एका उपक्रमात शिक्षेचा भाग म्हणून गुन्हेगारांना साहित्यवर्गात पाठवले गेले आणि न्यायाधीश त्यांच्यासोबत त्याच टेबलाशी चर्चेला बसले. अर्ल शॉरिस यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गरीब प्रौढांसाठी तत्त्वज्ञान, कला, साहित्य, इतिहास व तर्कशास्त्र यांचा अभ्यासक्रम सुरू केला. गरिबांना फक्त रोजगाराचे प्रशिक्षण हवे असते, हा समज या वर्गांनी खोटा ठरवला.

सांस्कृतिक कार्यक्रम पुस्तकाशी जोडलेला असेल तर त्याचा उपयोग होतो. नुसती करमणूक म्हणून ठेवला तर गर्दी जमते आणि पांगते. कादंबरीवरचा चित्रपट दाखवला, तर त्यात काय गाळले आणि का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. नाटकातला एक प्रवेश सहभागींनीच हातात संहिता घेऊन वाचला, तर संवादांतले अबोल ताण कानाला कळतात. चित्रे पाहताना फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसन यांच्या पद्धतीतील तीन प्रश्न पुरेसे होतात : या चित्रात काय चालले आहे, कशावरून तसे वाटते, आणखी काय दिसते? लेखकाला बोलवायचे असेल तर चर्चा आधी आणि भेट नंतर ठेवावी. लेखक समोर असला, की लोक स्वतःचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा अर्थ विचारत बसतात.

उपक्रमाचे मोजमाप हजेरीपत्रकावर होते, कारण अनुदान देणाऱ्यांना आकडा हवा असतो. संचालकाने मात्र स्वतःसाठी वेगळी नोंद ठेवावी : आज किती जण एकदाही बोलले नाहीत, कोणत्या प्रश्नावर लोक एकमेकांकडे वळून बोलू लागले, कुणी चर्चेदरम्यान स्वतःचे मत बदलले. पुढच्या बैठकीचे प्रश्न या नोंदींवरून ठरतात. काही महिन्यांनी सहभागींपैकीच कुणी एखादी बैठक चालवायला पुढे येतो. त्या दिवशी संचालकाने वर्तुळातल्या साध्या खुर्चीवर बसून इतरांसारखीच आपली पाळी येण्याची वाट पाहावी.